कांदा राज्याचा, निर्यात केंद्राची: जाब कोणाला विचारायचा?

माळरान (धागाकर्ता)

मंडळी, हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, आज लिहून काढतो. लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

८ डिसेंबर २०२३. लाल कांद्याची गाडी घेऊन बाजार समितीबाहेर रांगेत उभा होतो आणि मोबाईलवर बातमी आली: कांद्याची निर्यात ३१ मार्चपर्यंत बंद. त्या दिवशी लिलाव झालेच नाहीत. उन्हाळ कांदा असता तर चाळीत टाकून महिना-दोन महिने वाट बघितली असती. लाल कांदा टिकत नाही, मिळेल त्या भावाला द्यावाच लागतो. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं होतं, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य (त्याहून कमी भावाने बाहेर विकता येत नाही) आलं होतं, आणि वर ही बंदी. चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला. मार्चअखेर बंदी उठेल म्हणून लोक थांबले, तर तीही वाढवली. उठली ४ मे २०२४ ला.

त्या काळात गावात एक लोकप्रतिनिधी आले. लोकांनी घेरलं. ते म्हणाले, "विषय केंद्राचा आहे, मी काय करू?" पुढे केंद्रात बसणाऱ्या पक्षाचे एक कार्यकर्ते आले, ते म्हणाले, "शेती हा राज्याचा विषय, तुमच्या सरकारला विचारा." मी घरी येऊन संविधानाची सातवी अनुसूची उघडली. दोघंही खरं बोलत होते! राज्य सूचीत १४ व्या नोंदीत शेती आहे, २८ व्या नोंदीत बाजार आहेत. संघ सूचीत ४१ व्या नोंदीत परदेश व्यापार आहे. म्हणजे पेरलं तेव्हा कांदा राज्याचा, लिलावात राज्याचा, आणि बंदराकडे निघाला की केंद्राचा. भाव मात्र त्या शेवटच्या टप्प्यावर ठरतो.

ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अनुच्छेद २४६ खाली तीन याद्या आहेत. मूळ संविधानात संघ सूचीत ९७, राज्य सूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७ नोंदी होत्या. हा साचा ब्रिटिशांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यातून आला. समवर्तीमध्ये दोघंही कायदा करू शकतात, टक्कर झाली तर साधारणपणे संसदेचा कायदा चालतो. तिन्ही याद्यांत न बसणारा विषय अनुच्छेद २४८ नुसार संसदेकडे जातो. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात उरलेलं सगळं राज्यांचं असतं, आपल्याकडे ते केंद्राचं.

यादी बघून समाधान होत नाही, कारण यादीतल्या भिंती सरकतात. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण, वनं, वन्यजीव, वजनमापं आणि खालच्या न्यायालयांची रचना असे पाच विषय राज्य सूचीतून समवर्तीत गेले. २०२० चे तीन कृषी कायदे आठवा. शेती आणि बाजार राज्याचे असताना संसदेने ते कसे केले? समवर्ती सूचीच्या ३३ व्या नोंदीवर. तिच्यात अन्नधान्याचा व्यापार १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने घातला गेला. धान्य शेतात असेपर्यंत 'शेती', आणि विकायला काढलं की 'अन्नपदार्थांचा व्यापार'. ते कायदे नोव्हेंबर २०२१ मध्ये मागे घेतले, पण संसदेला तो अधिकार होता की नव्हता हा प्रश्न न्यायालयात निकाली निघालाच नाही. तो दरवाजा अजून उघडा आहे.

माझा प्रश्न सरळ आहे. अधिकार वाटून देताना उत्तरदायित्व कुठे गेलं? केंद्र बलवान असावं की राज्य, यावर भांडायला मी आलो नाही. ज्याने निर्णय घेतला त्याचं नाव मतदाराला कळलं पाहिजे, एवढंच मला हवंय. आत्ता ते कळत नाही.

---

हिशेबनीस

माळरान, उत्तम धागा. मी नोकरीची तीस वर्षं सरकारी हिशेब तपासण्यात घालवली, म्हणून सांगतो: याद्या बाजूला ठेवा आणि पैसा कुठून कुठे जातो ते बघा. अधिकार तिथे आहे.

मोठे कर केंद्र गोळा करतं. आयकर, कंपनी कर, सीमाशुल्क. मोठा खर्च राज्यं करतात. शाळा, दवाखाने, पोलीस, पाटबंधारे. ही दरी भरायला अनुच्छेद २८० खाली दर पाच वर्षांनी वित्त आयोग बसतो. तेराव्या आयोगाने राज्यांना ३२ टक्के वाटा दिला होता, चौदाव्याने एकदम ४२ केला, पंधराव्याने ४१ (जम्मू-काश्मीर केंद्रशासित झाल्यामुळे एक टक्का कमी).

हा वाटा सगळ्या केंद्रीय करांतला नसतो, ही गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. उपकर (ठरावीक कामासाठीचा कर) आणि अधिभार (करावर लावलेला जादा कर) यांत राज्यांना हिस्सा नाही. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर पेट्रोलवर लिटरमागे केंद्राचा कर होता ३२ रुपये ९० पैसे. त्याची फोड अशी: रस्ते-पायाभूत उपकर १८ रुपये, विशेष जादा उत्पादन शुल्क ११ रुपये, कृषी पायाभूत उपकर अडीच रुपये, आणि मूळ उत्पादन शुल्क १ रुपया ४० पैसे. वाटणी होते ती फक्त या शेवटच्या १ रुपया ४० पैशांची. त्याचे ४१ टक्के म्हणजे सुमारे ५७ पैसे, तेही देशातल्या सगळ्या राज्यांत मिळून. पुढे दर कमी झाले, पण पद्धत तीच राहिली. आयोगाने टक्का वाढवला तरी केंद्राने करातला भाग उपकरात सरकवला की वाढलेला टक्का हवेत जातो. त्यासाठी ना घटनादुरुस्ती लागते, ना राज्यांची संमती.

---

नवी वाचक

हिशेबनीसकाका, मग महाराष्ट्राला किती मिळतं? आपण सगळ्यात जास्त कर भरतो आणि उत्तरेकडे जातो असं नेहमी ऐकते.

---

हिशेबनीस

ताई, पंधराव्या आयोगात (२०२१-२६) राज्यांच्या एकूण वाट्यातले ६.३१७ टक्के महाराष्ट्राला, १७.९३९ उत्तर प्रदेशला, १०.०५८ बिहारला. त्या सूत्रात ४५ टक्के वजन 'उत्पन्न-अंतराला' होतं, म्हणजे राज्य जितकं गरीब तितका वाटा जास्त. लोकसंख्या आणि क्षेत्रफळ प्रत्येकी १५, लोकसंख्या नियंत्रणातल्या कामगिरीला १२.५, वनं १०, कर वसुलीच्या प्रयत्नांना २.५.

माझं मत विचाराल तर गरीब राज्याला जास्त मिळावं हे योग्यच आहे. मुंबईत भरला जाणारा कंपनी कर हा सगळा मुंबईत कमावलेला नसतो, मुख्यालय इथे असतं म्हणून भरणा इथे होतो. कारखाना झारखंडमध्येही असेल. राज्याराज्यांत भांडण लावून घेऊ नका. उपकराचा प्रश्न बिहारचाही आहे आणि आपलाही आहे.

---

उत्तरायण

दोन्ही बाजू यायला हव्यात म्हणून लिहितो. इथे सूर असा लागलाय की केंद्राने राज्यांचं काहीतरी हिरावलं. इतिहास तसा नाही.

मे १९४६ च्या कॅबिनेट मिशन योजनेत केंद्राकडे फक्त परराष्ट्र, संरक्षण आणि दळणवळण ठेवायचं घाटत होतं. उरलेलं सगळं प्रांतांकडे. ती तडजोड फाळणी टाळण्यासाठी होती. ३ जून १९४७ ला फाळणी जाहीर झाली आणि तसं दुबळं केंद्र ठेवण्याचं कारणच संपलं. दंगली, निर्वासित, पाचशेवर संस्थानं, अन्नटंचाई. या परिस्थितीत घटना समितीने समजून उमजून केंद्र बळकट केलं. अनुच्छेद १ मध्ये 'राज्यांचा संघ' हा शब्दप्रयोग का केला हे डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात स्पष्ट केलंय: हा संघ राज्यांनी आपसात करार करून झालेला नाही, त्यामुळे कोणाला फुटून निघण्याचा अधिकारही नाही.

आणि रोजचा अनुभव बघा. मुलुंडच्या जकात नाक्यावर ट्रक तासन् तास उभे राहायचे. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि ते संपलं. माझा भाऊ मालवाहतुकीत आहे, त्याची एकेका खेपेतली कित्येक तासांची खोटी वाचली. राज्यांनी थोडा अधिकार सोडला म्हणून हे झालं.

कांद्याबाबत माझी तुम्हाला सहानुभूती आहे. पण निर्यातीचं धोरण प्रत्येक राज्याने वेगळं ठरवलं तर देश म्हणून व्यापार करार कोण करणार? आणि शहरातल्या ग्राहकाला परवडेल असा कांदा मिळावा हीही कोणाची तरी जबाबदारी आहेच.

---

माळरान

उत्तरायण, निर्यात धोरण राज्याकडे द्या असं मी म्हटलेलं नाही. १९४७ च्या परिस्थितीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मान्य आहे. माझा मुद्दा असा की ज्या राज्यात देशातला सगळ्यात जास्त कांदा पिकतो त्या राज्याला बंदीच्या आधी विचारण्याची काही सक्तीची पद्धत असावी की नाही? आज तशी कुठलीही नाही. शहरातल्या ग्राहकाची काळजी घ्यायचीच, तर तिचा भार एकट्या पिकवणाऱ्याने का उचलायचा? हा प्रश्न मी नेमका कोणत्या सभागृहात मांडावा?

---

हिशेबनीस

वस्तू व सेवा कर परिषदेचा विषय निघालाच आहे तर तिचं गणितही मांडतो, कारण विचारण्याची सक्ती कशी असू शकते याचं ते एक उदाहरण आहे.

अनुच्छेद २७९अ नुसार परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश. ठराव व्हायला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे सगळी राज्यं एक झाली तरी केंद्राशिवाय ठराव होत नाही. उलट बाजूने, विधानसभा असलेल्या दिल्ली, पुदुच्चेरी आणि जम्मू-काश्मीरसह ३१ सदस्य आहेत. सगळे हजर असतील तर त्यातले १२ विरोधात गेले की केंद्राचाही ठराव अडतो. सिक्कीमचं आणि महाराष्ट्राचं मत सारख्याच वजनाचं. बहुतेक निर्णय सहमतीने होतात, पहिलं मतदान झालं ते डिसेंबर २०१९ मध्ये लॉटरीवरच्या करासाठी.

ही रचना निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. एकट्या केंद्राला नकाराधिकार आहे आणि एकट्या कोणत्याही राज्याला तो नाही. पण निदान एक टेबल आहे, तारीख आहे, इतिवृत्त आहे. कांद्यासाठी असं टेबल नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परिषदेच्या शिफारशी संसदेवर किंवा विधानसभांवर बंधनकारक नाहीत, त्यांना मार्गदर्शक वजन आहे. तेव्हा खूप जणांना वाटलं की आता सगळं कोसळणार. तसं काही झालं नाही.

---

काळा कोट

मी वकिली करते, घटनात्मक प्रकरणं जवळून पाहिली आहेत. माळरानदादा, तुम्ही 'यादीतल्या भिंती सरकतात' म्हणालात. त्या कधी कधी कोणाच्या लक्षात न येता सरकतात, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे.

२०१८ मध्ये १०२ वी घटनादुरुस्ती झाली. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा देणं हा तिचा हेतू सांगितला होता. तिच्यातून अनुच्छेद ३४२अ आला. त्याच वर्षी महाराष्ट्राने मराठा आरक्षणाचा कायदा केला. ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. पन्नास टक्क्यांची मर्यादा हे एक कारण होतं, त्याबद्दल सगळे बोलतात. तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने न्यायालयाने दुसरी गोष्टही सांगितली: १०२ व्या दुरुस्तीनंतर मागास वर्ग ठरवण्याचा अधिकारच राज्यांकडे उरलेला नाही. केंद्र सरकारने स्वतः न्यायालयात सांगितलं होतं की तसा आमचा हेतू नव्हता. शब्दांनी मात्र तसं केलं होतं. त्याच ऑगस्टमध्ये १०५ वी दुरुस्ती करून राज्यांना तो अधिकार परत द्यावा लागला. दशकानुदशकं राज्यं वापरत असलेला अधिकार तीन वर्षं कागदावरून गायब होता आणि देशातल्या बहुतेक विधानसभांना त्याचा पत्ताही नव्हता.

सहकाराचंही बघा. सहकारी संस्था राज्य सूचीच्या ३२ व्या नोंदीत आहेत. २०११ च्या ९७ व्या दुरुस्तीने त्यांच्यासाठी संविधानात एक अख्खा भाग घातला, पण निम्म्या राज्यांच्या विधानसभांची मंजुरी घेतली नाही. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांतल्या सहकारी संस्थांपुरता तो भाग रद्द ठरवला. साखर कारखाने आणि जिल्हा बँकांवर ज्या राज्याचं राजकारण उभं आहे, तिथे यावर किती चर्चा झाली?

भिंत राज्याच्या बाजूनेही सरकते, हेही सांगायला हवं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध हा समवर्ती विषय, कायदा केंद्राचा. २०१४ च्या निकालाने बैलगाडा शर्यती बंद झाल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये केंद्राच्या त्या कायद्यात स्वतःपुरती दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमती मिळवली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने ती वैध ठरवली. अनुच्छेद २५४(२) चा हा मार्ग. पण संमती राष्ट्रपतींची, म्हणजे व्यवहारात केंद्रीय मंत्रिमंडळाची, हे विसरू नका. जुलै २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक मताने खनिज हक्कांवर कर लावण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. गडचिरोली-चंद्रपूरच्या दृष्टीने हा निकाल मोठा आहे.

---

कृष्णाकाठ

मी महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातला. तुम्ही सगळे विषयांच्या याद्यांबद्दल बोलताय, आमचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. राज्य म्हणजे किती जमीन, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

अनुच्छेद ३. संसद साध्या बहुमताने राज्याची सीमा बदलू शकते, नाव बदलू शकते, तुकडे करू शकते. संबंधित विधानसभेचं मत मागवायचं, पण ते मानायचं बंधन नाही. आंध्र प्रदेश विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये विभाजनाचं विधेयक फेटाळलं, तरी २ जून २०१४ ला तेलंगण झालं. जम्मू-काश्मीरच्या वेळी २०१९ मध्ये तर तिथे राष्ट्रपती राजवट होती, विधानसभाच नव्हती.

संसदेला हा अधिकार आहे, पण आमच्यासाठी तो कधी वापरला गेला नाही. १९६६ ला या सीमावादासाठी महाजन आयोग नेमला, अहवाल महाराष्ट्राने नाकारला. २००४ ला महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. माझे आजोबा गेले, वडील थकले. दोन राज्यं वादात असली की केंद्र म्हणतं न्यायालयात आहे, आणि न्यायालयात तारीख पडते. अधिकार असूनही न वापरणं हाही एक निर्णयच असतो, पण त्याखाली कोणाची सही नसते.

---

माळरान

कृष्णाकाठ, तुमचं शेवटचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

---

पारावरून

उशिरा आले धाग्यावर. मी पाच वर्षं सरपंच होते. तुम्ही सगळे दिल्ली आणि मुंबईबद्दल बोलताय. तिसरं घर कोणी उघडलंच नाही म्हणून लिहिते.

७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९२ ची. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय, बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८. ऐकायला खूप. पण अनुच्छेद २४३छ नीट वाचा. विधानमंडळ पंचायतींना अधिकार 'देऊ शकेल' असं आहे, 'देईल' असं नाही. स्थानिक शासन हा राज्य सूचीतला पाचवा विषय. म्हणजे केंद्राने आपल्याला विचारलं नाही म्हणून राज्य जी तक्रार करतं, अगदी तीच तक्रार गाव राज्याबद्दल करू शकतं.

निवडणुकीचंच बघा. मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे असं संविधान स्पष्ट सांगतं. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली, बऱ्याच जिल्हा परिषदांचीही त्याच सुमारास संपली, आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक बसले. आरक्षणाचं प्रकरण न्यायालयात होतं हे खरं. पण ज्या महाराष्ट्राने १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू करून देशाला धडा घालून दिला, त्या महाराष्ट्रात हे झालं याचं मला फार दुःख होतं.

पैशाचं मी स्वतः अनुभवलेलं सांगते. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी आला, आनंद झाला. त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले. आमच्या गावात पाण्याची योजना आधीच झाली होती, अडचण होती ती शाळेच्या वाटेवरच्या ओढ्याची. पावसाळ्यात पोरं पलीकडे अडकायची. साकवाला (छोट्या पुलाला) पैसे हवे होते. ग्रामसभेने एकमताने ठराव केला. पंचायत समितीने सांगितलं, या शीर्षाखाली बसत नाही. दिल्लीत ठरलेलं शीर्ष, मुंबईतून आलेलं परिपत्रक, आणि ओढा आमचा. साकव चौथ्या वर्षी झाला, दुसऱ्या योजनेतून.

आणि खालून वर काय जाऊ शकतं याचं उदाहरणही आपलंच आहे. १९७२ च्या दुष्काळात इथे रोजगार हमीची कामं निघाली, १९७७ ला विधिमंडळाने कायदा केला, नोकरदारांच्या व्यवसाय करातून त्यासाठी पैसा उभा केला. राज्याने स्वतःचा कर लावून स्वतःच्या मजुराला कामाचा हक्क दिला. संसदेने तसा कायदा केला २००५ ला. राज्याला करून बघायला जागा होती म्हणून देशाला ते मिळालं. माझी आई खडी फोडायला जायची त्या कामांवर. तिला अनुसूची माहीत नव्हती, पण काम मागितलं की मामलेदाराला द्यावं लागतं हे पक्कं माहीत होतं. जाब कोणाला विचारायचा हे त्या कायद्यात लिहिलेलं होतं.

---

उत्तरायण

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून माझ्या आधीच्या मांडणीत एक दुरुस्ती करतो. केंद्र बळकट असावं हे मत कायम आहे. पण निधीला शीर्षं बांधून पाठवणं म्हणजे बळकटी नव्हे, हे पटलं. ओढा कुठे आहे हे दिल्लीला कळण्याचं कारण नाही.

---

काळा कोट

माळरानदादांचा मूळ प्रश्न अजून बाकी आहे: कोणत्या सभागृहात?

संविधानात एक जागा आहे. अनुच्छेद २६३, आंतरराज्य परिषद. पंतप्रधान अध्यक्ष, सगळे मुख्यमंत्री सदस्य. केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाच्या शिफारशीनंतर २८ मे १९९० ला ती स्थापन झाली. अकरावी बैठक १६ जुलै २०१६ ला झाली, त्यानंतर देशाच्या करपद्धतीपासून कृषी कायद्यांपर्यंत एवढं सगळं घडलं आणि परिषद भरली नाही. परिषद बंद करावी लागत नाही, नुसती बोलावली नाही की पुरतं.

ती भरेपर्यंत एवढं करता येईल. निर्यातीचा आदेश विदेश व्यापार महासंचालनालय काढतं, ते केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाखाली आहे. म्हणून पहिला जाब आमदाराला नाही, खासदाराला. लोकसभेत तारांकित प्रश्नासाठी (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) किमान १५ दिवसांची पूर्वसूचना लागते. प्रश्न असा विचारायला लावा: बंदी घालण्याआधी महाराष्ट्र सरकारशी पत्रव्यवहार झाला का, कोणत्या तारखेला, आणि राज्याने काय कळवलं? मग तोच प्रश्न उलट बाजूने विधानसभेत आमदारांकरवी: केंद्राला तुम्ही काय कळवलंत? दोन उत्तरं शेजारी शेजारी ठेवली की कोण काय बोललं ते दिसेल.

---

माळरान

काळा कोट ताई, मनापासून आभार. हे कोणीच सांगितलं नव्हतं.

आमच्या गटातली २२ कांदा उत्पादक घरं येत्या रविवारी बसतोय. दोन्ही प्रश्नांचा मसुदा इथेच टाकतो, शब्द तपासून द्याल का? हिशेबनीसकाका, निर्यात शुल्कातून केंद्राला किती रक्कम मिळाली आणि त्यातला राज्याचा वाटा किती, हे तिसऱ्या प्रश्नात कसं घालायचं तेही सांगा. उन्हाळ कांद्याची लावण उरकली की मी स्वतः पत्रं घेऊन जाणार आहे, एक खासदारांच्या कार्यालयात आणि एक आमदारांच्या. पोच घेऊन येईन आणि तारखेसकट इथे टाकेन.